चकती नवी होती

गजभिये काकांच्या लॅबमध्ये शिरायचं तर आधी हात दाखवावे लागत. दारात उभं राहून, शाळेत नखं तपासतात तसे. तळवे वर, मग पालथे. समोर प्रोफेसर असला तरी सुटका नाही. क्रीम लावलंय का, अंगठी राहिली आहे का, सकाळी लोणी लावलेलं ब्रेट्सेल खाऊन आलाय का, हे काका नुसत्या वासावरून ओळखायचे आणि एक शब्द न बोलता बेसिनकडे बोट करायचे. हात धुऊन झाले की हातमोजे. मग "बिटे", म्हणजे या आता.

म्युनिकच्या उत्तरेला, मक्याच्या शेतांना लागून असलेल्या एका संस्थेत आम्ही उपग्रहांसाठी विजेवर चालणारी इंजिनं बनवत होतो. मी तिथे पीएचडीला गेलो तेव्हा युरो इतका नवा होता की बेकरीतली बाई पावाची किंमत अजून मार्कातच सांगायची. काका तिथले मुख्य तंत्रज्ञ. कामठीचे. नागपूरकडच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर होते, तिथून प्रशिक्षणासाठी जर्मनीत आले आणि राहिले. त्यांचं चरित्र मला इतकंच माहीत आहे. जास्त विचारायचा मला हक्क राहिला नाही, आणि तो का राहिला नाही तेच या लेखात सांगायचं आहे. मी बोलका माणूस नाही. पण ही गोष्ट मी एकदा त्यांच्या तोंडावर सांगून मोकळा झालोय, त्यामुळे लिहिताना आता हात जड होत नाही.

पहिल्याच दिवशी मी एका चकचकीत फ्लँजवरून, म्हणजे नळीच्या पोलादी तोंडावरून, कौतुकानं बोट फिरवलं. मागून जर्मनमध्ये आवाज आला, "हात काढा!" वळून बघितलं तर निळ्या डगल्यातला एक बुटका, सावळा माणूस. मला वाटलं श्रीलंकेचा असेल. त्यानं माझ्या हातात पुसायचं कापड आणि अल्कोहोलची बाटली दिली आणि फ्लँजकडे हनुवटी उडवली. मी पुसता पुसता पुटपुटलो, "च्यायला, म्हातारा जळका दिसतोय."

"जळका नाही बे," तो म्हणाला. "जळालेला आहे. पंचवीस वर्षं तुमच्यासारख्या डॉक्टर लोकांच्या बोटांचे ठसे पुसून राहिलो."

माझं तोंड उघडंच राहिलं.

"बंद कर ते. थुंकी उडते," काका म्हणाले.

बोटाच्या ठशाचं त्यांना एवढं का, हे समजायला आमचं काम थोडं सांगावं लागेल. आमच्या इंजिनाला हॉल थ्रस्टर म्हणतात. चिनी मातीसारख्या पांढऱ्या सिरॅमिकची एक गोल खाच, साधारण जेवणाच्या वाटीच्या घेराची. तिच्यात झेनॉन नावाचा वायू सोडायचा, चुंबकानं इलेक्ट्रॉन गोल गोल फिरत ठेवायचे, ते झेनॉनच्या अणूंना धडकतात आणि वीज त्या अणूंना प्रचंड वेगानं मागे फेकते. जोर किती, तर तळहातावर दोन पोस्टकार्डं ठेवल्यावर जाणवेल एवढा. पण अंतराळात अडवायला कोणी नसतं, आणि हे इंजिन महिनोन्‌महिने ढकलत राहतं. त्याची चाचणी जमिनीवर घ्यायची म्हणजे खोलीएवढ्या, काचेच्या खिडक्या असलेल्या पोलादी टाकीतून हवा काढून घ्यावी लागते. बोटाच्या एका ठशातलं तेल तिथे दिवसभर वाफ होत राहतं. पंप धापा टाकतात, दाबाचा आकडा खाली येत नाही, आणि संशोधक आपलं गणित चुकलं म्हणून डोकं धरून बसतात.

काका धापा ऐकूनच सांगायचे. टाकीला कान लावायचे, गाभण म्हैस बघतात तसे एका बाजूनं हात फिरवत जायचे आणि म्हणायचे, "आल्झो", म्हणजे तर मग, "तिसऱ्या खिडकीपाशी कोणीतरी घाण केली." तिसऱ्या खिडकीपाशी घाण निघायची. थ्रस्टरला ते शेगडी म्हणत. "शेगडी पेटव", "शेगडी नरम जळून राहिली". आमचे प्रमुख डॉ. लिंडनर, उंच, सभ्य, कायम एकाच राखाडी स्वेटरमधले गृहस्थ, तेसुद्धा "वी गेट्स देअर शेगडी?" असं विचारायला लागले होते. शेगडी कशी आहे?

आणि लिहिणं. काका जे जे करत ते लॉगबुकात लिहीत. कोणता बोल्ट, किती ताण, कोणत्या पान्यानं, किती वाजता. अक्षर मोत्यासारखं, जर्मन लोक ते पान दुसऱ्यांना दाखवायचे. एकदा वर्कशॉपमधल्या जुन्या, मोडीत काढलेल्या ओव्हनमध्ये त्यांनी कामठीहून आलेल्या मिरच्या वाळत घातल्या. सर्दावल्या होत्या म्हणे. तासाभरात अख्खा कॉरिडॉर शिंकायला लागला, सेक्रेटरी बाईंनी खिडक्या उघडल्या, कोणीतरी वायुगळतीचा अलार्म वाजवला आणि आम्ही सगळे बाहेर पार्किंगमध्ये थंडीत उभे. गळती कुठे झाली ते कळेना. डॉ. लिंडनर आत गेले, ओव्हनची वही उघडली आणि तिच्यात सुवाच्य अक्षरात नोंद: "मिरची, लाल, दीड किलो, साठ अंश, सहा तास. गजभिये." सही.

"तुम्ही हे लिहून ठेवलंत?" लिंडनरनी डोळे पुसत विचारलं.

"ओव्हन वापरला तर वहीत लिहायचं, असा नियम तुमचाच आहे," काका म्हणाले.

एप्रिलच्या चौदा तारखेला ते निळा टाय लावून यायचे. बरोबर काकूंनी केलेला केक. तो चहाच्या टेबलावर ठेवायचा आणि शेजारी चिठ्ठी, 'वाढदिवस'. नवीन आलेला कोणीतरी दर वर्षी विचारायचा, कोणाचा वाढदिवस?

"माझ्या वकिलाचा," काका सांगत. "माझ्या जन्माआधीच त्यानं माझी केस लढवली."

जर्मन लोक आदरानं मान हलवत. वकील चांगला असावा. मी केक खाताना खाली बघायचो. मी पुण्याच्या ज्या घरातून आलो तिथे त्या तारखेला फक्त 'आज मिरवणुकीमुळे रस्ते बंद असतील' एवढंच बोललं जायचं. सुरुवातीच्या दिवसांत मी एकदा काकांना विचारलं होतं, "गजभिये म्हणजे, तुमच्याकडे, म्हणजे विदर्भात..."

"विचार न सरळ, पाटणकर. आम्ही बौद्ध. तू?"

मी सांगितलं.

"जा," ते जर्मनमधला होकार देत म्हणाले, "ते तर दिसूनच राहिलं," आणि पाना मागितला.

त्यानंतर आमच्यात तो विषय निघाला नाही. पण ते मला शिकवत राहिले. सिरॅमिकची खाच बसवण्याआधी भट्टीत कशी भाजायची, कारण ती पापडासारखी हवेतलं पाणी पिते. बोल्ट समोरासमोर कसे आवळायचे. माझे जर्मन सहकारी त्यांना 'हेर गजभिये' म्हणत. मी काका म्हणायचो, आणि रविवारी इंगोलश्टाटला त्यांच्या घरी जाऊन काकूंच्या हातचं वडाभात खायचो. त्यांची मुलगी प्रज्ञा माझ्या मराठी प्रश्नांना जर्मनमध्ये उत्तरं द्यायची. काका म्हणायचे, "हिचं पण शेगडीसारखंच आहे. इकडून सोडलं की तिकडून वेगळंच निघते."

आता ती गोष्ट.

आमच्या थ्रस्टरची मोठी चाचणी सुरू होती. चार महिने शेगडी अखंड जळत होती. खिडकीतून निळी कडी दिसायची, इतकी स्थिर की चित्र वाटावं. ती तशीच आणखी काही महिने जळली असती तर इंजिन उड्डाणाला लायक ठरणार होतं. झेनॉनची बाटली संपत आली, म्हणून एका शनिवारी सकाळी काका आणि मी दुसरी बाटली जोडायला गेलो.

काम दोन टप्प्यांचं. पहिला काकांचा, बाटलीची नळी जोडायचा. दोन पोलादी तोंडांमध्ये तांब्याची चकती ठेवून ते आवळायचं. चकती दर वेळी नवी घ्यावी लागते, कारण तांबं एकदा दाबलं की त्यावर खाच पडते. जुनी वापरली तर हवा शिरू शकते. दुसरा टप्पा माझा. नव्या नळीत हवा राहिलेली असते, ती पंपानं ओढून काढायची, थोडं झेनॉन भरायचं, पुन्हा ओढायचं. असं तीनदा. याला आम्ही धुणं म्हणायचो. एका धुण्याला पाऊण तास.

काकांनी जोडणी केली, वहीत लिहिलं आणि कोट चढवला. त्यांची बाराची गाडी होती.

"पुढचं तू कर. तीनदा धुवायची. तीन म्हणजे किती?"

"तीन, काका."

"गेनाऊ." म्हणजे बरोब्बर.

त्या दिवशी माझी बायको पहिल्यांदा जर्मनीला येत होती. लग्नाला आठ महिने झाले होते, व्हिसा आत्ता मिळाला होता. विमान अडीचला. तिनं त्याआधी कधी विमानात पाऊल ठेवलं नव्हतं. नुसतं म्हणालो असतो, "काका, आज थांबाल का?" तर त्यांनी कोट काढून खुंटीला अडकवला असता. ते मी म्हणालो नाही. एकदा धुऊन झालं, घड्याळ बघितलं, आकडा ठीक दिसत होता. मी वहीत 'तीन वेळा धुतलं' असं लिहिलं, सही केली आणि बससाठी पळालो.

रविवारी बायकोला घेऊन शहरभर हिंडलो. लॅबची आठवण झाली नाही असं म्हणणार नाही. झाली. दोनदा. एकदा तर हातात फोनही घेतला होता.

सोमवारी सकाळी आठला काकांनी नवी बाटली सुरू केली. तासाभरात निळी कडी थरथरायला लागली, मग विझली. पुन्हा पेटेना. थ्रस्टरच्या बाजूला कॅथोड नावाचा सुपारीएवढा भाग असतो, तो तापून इलेक्ट्रॉन सोडतो. तापलेल्या कॅथोडला जराशी हवा लागली की तो मरतो. आमच्या धंद्यात याला विषबाधाच म्हणतात. मी साडेनऊला पोचलो तेव्हा काका घामाघूम होऊन नळीशी बसले होते. चाचणी वाचवायच्या धडपडीत त्यांनी जोडणी उघडून चकती बदलली होती आणि जुनी भंगाराच्या डब्यात टाकली होती. डब्यात तशा चिकार चकत्या. त्यातली शनिवारची कोणती, हे आता कोणीच सांगू शकत नव्हतं.

डॉ. लिंडनरनी बैठक घेतली. आवाज चढवला नाही. फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. एक, नळी नीट धुतली गेली नाही. दोन, जोडणीतून हवा शिरली.

"हेर पाटणकर, तीन वेळा धुतलं?"

"जा," मी म्हणालो. हो. एका अक्षराचं खोटं.

"हेर गजभिये, चकती नवी होती?"

दुसरा कोणीही 'हो' म्हणाला असता, आणि ते खरंच ठरलं असतं. काकांनी आपल्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "वहीत 'नवी' असं लिहिलेलं आहे. पंचवीस वर्षं मी प्रत्येक वेळी नवीच घातली. पण शनिवारची ती एक चकती पाकिटातून काढताना मला आठवत नाही. लिहिण्याचीसुद्धा हाताला सवय असते. त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही."

लिंडनरनी फळ्यावरच्या दुसऱ्या ओळीखाली रेघ ओढली. मी ती ओढू दिली. मनात मी स्वतःला समजावत होतो की त्यांची नोकरी पक्की आहे, माझी कच्ची. त्यांना कोणी काही करणार नाही. आणि एक गोष्ट मला तेव्हाच स्वच्छ कळत होती, तीही आज लिहून टाकतो. डॉक्टर होऊ घातलेल्याच्या सहीवर कोणी शंका घेतली नाही. तंत्रज्ञाच्या सहीवर त्यानं स्वतः घेतली, आणि सगळ्यांना ते सोयीचं झालं. अहवालात आलं, 'कारण अनिश्चित. जोडणीतील त्रुटी संभवते.' काकांनी तो वाचला आणि खाली सही केली.

कोणी त्यांना काही केलं नाही, हे खरंच. त्यांनीच स्वतःला केलं. महिन्याभरात ते माझ्याकडे येऊन म्हणायला लागले, "पाटणकर, जरा हे बोल्ट पाहतो का बे?" मी बघायचो. सगळे बरोबर असायचे. दर वेळी. "बरोबर आहेत काका," मी म्हणायचो. "तू म्हणतो तर असतील," ते म्हणायचे. ज्या माणसानं मला पाना धरायला शिकवलं तो माझ्याकडून पाना तपासून घेत होता, आणि मी तपासून देत होतो.

मुदतीच्या दोन वर्षं आधी निवृत्ती मागून ते गेले. चाचणी नव्या कॅथोडवर पहिल्यापासून सुरू झाली आणि या वेळी पार पडली. माझा प्रबंध त्या दुसऱ्या चाचणीवर झाला. जर्मनीत पीएचडी झाली की सहकारी पुठ्ठ्याची टोपी करतात आणि तुमच्या कामाची गंमत तिच्यावर चिकटवून डोक्यावर ठेवतात. माझी टोपी काकांनी केली. संस्थेतलं त्यांचं ते शेवटचं काम. झिजलेली सिरॅमिकची कडी, मधोमध निळा दिवा, दोन्ही बाजूंना एकेक पोस्टकार्ड. "वाक बे डॉक्टर," म्हणून त्यांनी ती माझ्या डोक्यावर चढवली. फोटोत सगळे हसतायत. मी खाली बघतोय. लोकांना तो विनय वाटला.

नंतर मी फ्रांकफुर्टजवळ दुसऱ्या क्षेत्रात नोकरी धरली आणि काकांकडे जाणं टाळलं. फोनवर 'येतो, येतो' म्हणायचो.

जर्मनीत फुटबॉलचा वर्ल्ड कप झाला त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही कायमचं भारतात परतायचं ठरवलं. बायको लहान मुलीला घेऊन पुढे गेली होती. काकूंचा फोन आला. "जेवल्याशिवाय जाशील तर याद राख."

इंगोलश्टाट स्टेशनवर घ्यायला दोघं आले होते. गाडी काकू चालवत होत्या. काका शेजारी, पट्टा लावून, हात गुडघ्यांवर. मला आश्चर्य वाटलं, कारण काकांना गाडीचा भारी शौक. घरात शिरलो तर जिकडेतिकडे चिठ्ठ्या. शेगडीपाशी 'बंद केली?', दारापाशी 'किल्ली?', इस्त्रीवर 'प्लग?', आणि प्रत्येकीखाली टिकमार्कांच्या ओळी. ते सुंदर अक्षर. हात दाखवायला मी दारातच थांबलो होतो. त्यांनी बघितलेही नाहीत.

ते बागेत कोथिंबीर आणायला गेले तेव्हा काकूंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बागेकडे बघत हळू आवाजात सांगितलं. "यांच्या आईचं तसं झालं होतं न. शेवटी यांना ओळखत नव्हती, 'कोणाचा पोरगा आहे हा' म्हणायची. त्या चकतीपासून यांनी डोक्यात घेतलं की आपलंही सुरू झालं. स्पेशालिस्टकडे नेलं, त्यानं घड्याळ काढायला लावलं, आकडे विचारले, सगळं नॉर्मल. तर म्हणतात, त्या डॉक्टरनं चकती कुठे पाहिली? गाडी सोडली. म्हणे, कोणाचं पोर चाकाखाली आलं तर? प्रज्ञाच्या बाळाला मांडीवर घेत नाहीत, बाप्पा. विसरून खाली ठेवून देईन म्हणतात."

मी तिथल्या स्टुलावर बसलो. चार वर्षं मी स्वतःला सांगत आलो होतो की फार तर एका म्हाताऱ्याच्या नावाला जरासा डाग लागला. इकडे तो माणूस चार वर्षं स्वतःच्या डोक्यावर पहारा देत बसला होता.

काका कोथिंबीर घेऊन आत आले. मी उभा राहिलो. सगळी वाक्यं ठरवली होती ती गेली.

"काका, मी एकदाच धुतली."

"काय?"

"त्या शनिवारी. नळी. तीनदा नाही. एकदाच. बायको यायची होती, मी वहीत खोटं लिहिलं."

त्यांनी कोथिंबीर ओट्यावर ठेवली. मग त्यांनी विचारलं, तेही थेट लॅबमधल्या आवाजात, "एकदा म्हणजे पूर्ण एकदा? आकडा कितीवर सोडला?"

मी सांगितला.

"नळी किती लांब होती? चार मीटर?"

"साडेचार."

ते ओठ हलवत आकडेमोड करू लागले. मला आठवतं, काकूंच्या कढईतली फोडणी जळत होती आणि कोणी ती उतरवत नव्हतं.

"तेवढी हवा पुरे आहे," ते म्हणाले. "पुरून उरते. एका तासात कॅथोड मारायला गेनाऊ तेवढीच." आणि मग एकदम मोठ्यानं, "अगं! चकती नवी होती!"

"काय म्हणता?" काकू.

"चकती नवी होती न! मी घातली होती! हा गाढव, यानं धुतली नाही!" त्यांनी माझा दंड पकडला होता. हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "नवी होती. मले माहीतच होतं. नाही, माहीत नव्हतं, पण होती!"

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"थांब. मला राग येऊन राहिला आहे. फार येऊन राहिला. पण आधी आनंद होऊ दे." ते खुर्चीत बसले. थोड्या वेळानं राग आला. तो ओरडून आला असता तर बरं झालं असतं. "चार वर्षं, पाटणकर. तू माझे बोल्ट तपासत होता. तुला माहीत होतं अन् तू तपासत होता." मग आणखी हळू, "आमच्या घरात लेखणीला फार मान आहे. तू लेखणीनं खोटं बोलला."

काकूंनी जळालेली कढई उतरवली.

"मला सांगून भागत नाही," ते म्हणाले. "लिंडनरला लिही."

ते पत्र मी तिथेच जेवणाच्या टेबलाशी बसून लिहिलं. पुढचं इथेच सांगून टाकतो. मला वाटत होतं पदवी जाईल, नाव जाईल. लिंडनरनी दोन ओळींचं उत्तर पाठवलं: प्रबंध दुसऱ्या चाचणीवर असल्यामुळे तो कायम आहे, जुन्या अहवालाला दुरुस्तीचं पान जोडलं आहे, त्याची प्रत हेर गजभिये यांना पाठवली आहे. माझ्यासाठी एकही जादा शब्द नव्हता, आणि तो नसणं मी समजू शकतो. काकांनी ती प्रत फ्रेम केली असं प्रज्ञानं कळवलं. नंतर बरीच वर्षं आम्ही फोनवर बोललो. अगदी शेवटच्या फोनवरही त्यांनी मला त्या नळीची लांबी अचूक सांगितली होती, फक्त मला टोचायला. पण प्रत्यक्ष भेट मात्र त्या दिवसानंतर झाली नाही.

त्या दिवशी जेवायला बसलो. काकूंनी वाढलं, वडाभातावर तेल सोडलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "यांनी माफ केलं असेल. मी नाही केलं हं. जेव."

मी जेवलो. इतकं पोटभर मी कित्येक वर्षांत जेवलो नव्हतो. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

निघायची वेळ झाली. काकू किल्ली घेऊन दाराशी गेल्या. काकांनी हात पुढे केला.

"आण."

"अहो, चार वर्षं चालवली नाही तुम्ही."

"आण म्हटलं न."

काकू मागे बसल्या, मी पुढे. काकांनी आरसे नीट केले, सीट दोन बोटं पुढे ओढली. पहिल्या वळणावर गाडीला जरा गचका बसला. "पाहा, पाहा!" काकू मागून. "पाहूनच राहिलो," काका म्हणाले. स्टेशन आलं. उतरल्यावर मी पाया पडायला वाकलो तर म्हणाले, "सरळ उभा राहा. आमच्यात नाही ते. अन् बायकोला सांग, तुझ्यापायी एक कॅथोड मेला."

माझी गाडी दहा मिनिटं उशिरा होती. फलाटावरून खालची पार्किंगची जागा दिसत होती. त्यांची गाडी अजून तिथेच होती. काका ती दोन मोठ्या गाड्यांमधल्या अरुंद जागेत उलटी घालत होते. हळूहळू, एका दमात, दोन्ही बाजूंना सारखं अंतर ठेवून ती आत गेली. थांबली. मला वाटलं आता उतरतील. तर ती बाहेर आली आणि पुन्हा उलटी आत जायला लागली. काकू बाहेर उभ्या होत्या, पर्स छातीशी धरून, काहीतरी म्हणत होत्या. बहुतेक घरी चला म्हणत असतील. काकांनी काच खाली केली, त्यांना बाजूला सरकायची खूण केली आणि गाडी तिसऱ्यांदा आत घालायला बाहेर काढली.